खोलीवर एकटे आणि नाक चोंदलेलं: सर्दीच्या आठवड्यासाठी मार्गदर्शक

घरी असताना सर्दी झाली की आपल्याला काहीच करावं लागत नाही. दोन शिंका आल्या की स्वयंपाकघरातून "झालं का पडसं? भिज अजून पावसात" असं ऐकू येतं आणि अर्ध्या तासात काढ्याचा पेला हातात असतो. मी दापोलीहून पुण्याला आलो, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलो आणि पहिल्याच ऑगस्टमध्ये नाक बंद झालं. आजीला फोन लावला.

"आलं किती घालू?"
"घाल अंदाजाने."
"आणि पाणी?"
"बेताचं."
"किती वेळ उकळू?"
"वास सुटेपर्यंत, अजून किती!"

नाक बंद असलेल्या माणसाने वास सुटेपर्यंत उकळायचं. त्या दिवशी काढा करपला, पातेलं रूम पार्टनरचं होतं, आणि पुढचे चार दिवस मी गाडीवरचा चहा पिऊन काढले. त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात मी मापं लिहून ठेवत गेलो. घर सोडून पहिल्यांदाच एकटे राहणाऱ्यांसाठी ती मापं आणि माझ्या चुका इथे देतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. यातला एकही उपाय सर्दी बरी करत नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, दोनशेहून जास्त विषाणू हे काम करू शकतात, त्यातला रायनोव्हायरस सगळ्यात जास्त वेळा सापडतो, आणि त्याला बाहेर काढायचं काम आपलं शरीरच करतं. घरगुती उपाय त्या सात-दहा दिवसांत घसा, नाक आणि झोप सांभाळतात. तेवढीच अपेक्षा ठेवली की कुठला उपाय कधी करायचा ते बरोबर कळतं आणि काढ्याचे सहा पेले रिचवायची वेळ येत नाही.

१. आधी ही साधी सर्दीच आहे ना, ते बघा

साध्या पडशाचा प्रवास साधारण ठरलेला असतो. पहिल्या दिवशी घसा खवखवतो, अंगात कणकण वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नळ उघडा राहिल्यासारखं नाक गळतं, शिंका येतात. चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो आणि नाक चोंदतं. सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत माणूस ताळ्यावर येतो, खोकला मात्र त्यानंतरही रेंगाळतो. मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा असं होणं अगदी सामान्य आहे.

शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागणारच असं नाही. रंग बदलतो तो मुख्यतः आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे.

आता साध्या सर्दीत न बसणाऱ्या गोष्टी. अचानक, काही तासांत चढलेला मोठा ताप आणि हाडं मोडल्यासारखं अंग दुखणं हे फ्लूचं लक्षण असू शकतं. पावसाळ्यात जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, सांधे धरणं आणि नाक मात्र कोरडं असेल तर डेंग्यूची तपासणी करा, काढा करत बसू नका. आणि रोज सकाळी उठल्यावर वीस शिंका, डोळे-नाक खाजतंय, ताप नाही, आणि हे महिनाभर चाललंय, तर ती ॲलर्जी असते. माझ्या रूम पार्टनरने अशा ॲलर्जीवर वर्षभर हळद-दूध प्यायलं. खोलीतली जुनी गादी बदलल्यावर त्याच्या शिंका निम्म्यावर आल्या.

२. सामान: सर्दी व्हायच्या आधी आणून ठेवा

सर्दी झाल्यावर मंडईत जायची ताकद नसते. खालच्या वस्तू एका डब्यात घालून ठेवल्या की वर्षभर पुरतात, आलं-तुळस तेवढी ताजी लागते.

- मिरे, लवंग, दालचिनी, सुंठ: प्रत्येकी छोटी पुडी
- हळद, ओवा, मीठ, गूळ
- मधाची छोटी बाटली
- आमसुलं आणि कुळथाचं पीठ (पुण्या-मुंबईत कोकणी पदार्थांच्या दुकानात मिळतं)
- जाड बुडाचं झाकणाचं पातेलं, चहाची गाळणी, छोटा खलबत्ता
- डिजिटल थर्मामीटर
- पॅरासिटामॉलच्या गोळ्या, सलाइनचे नाकात घालायचे थेंब
- जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे तुकडे

शेवटच्या वस्तूला हसू नका. तिसऱ्या दिवशी रुमालाच्या घासण्याने नाकाचा शेंडा सोलवटतो आणि तेव्हा मऊ सुती तुकड्याची किंमत कळते. सोलवटलेल्या जागी रात्री बोटभर साजूक तूप किंवा खोबरेल तेल लावायचं.

गवती चहा आणि तुळस कुंडीत लावता आली तर उत्तम. गवती चहाचं ठोंब कुणाकडूनही मागून आणलं तरी लागतं आणि फारसे लाड मागत नाही. बर्लिनला असलेल्या माझ्या मामेबहिणीला तो थाई दुकानात मिळाला, आख्ख्या दांड्यांच्या रूपात. तिथे पातीऐवजी दांडा ठेचून घालायचा.

३. पहिला दिवस: गुळण्या, पाणी आणि अंथरूण

घसा खवखवायला लागला की पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळवा. मान मागे टाकून, घशात पाणी खुळखुळेल अशा गुळण्या करा, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. हळदीची चिमूट घातली तरी चालते, पण बेसिन लगेच धुवा. मी धुतलं नव्हतं, आणि खोलीच्या मालकीणबाईंनी तो पिवळा डाग अनामत रकमेच्या हिशेबात धरला.

पहिल्या दिवशी रजा टाकता येत असेल तर तिसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका, आजच टाका. तुमच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच ऑफिसातल्या शेजाऱ्याला सर्दी लागायची शक्यता सगळ्यात जास्त असते. आपण नाक पुसलेला हात दाराच्या मुठीला लावतो, दुसरा तीच मूठ धरतो आणि मग डोळा चोळतो. त्यामुळे साबणाने हात धुणं हाही घरगुती उपायच, फक्त तो दुसऱ्यासाठी असतो.

४. वाफारा: सगळ्यात जास्त भाजणारा उपाय

वाफेने विषाणू मरत नाहीत. करोनाच्या काळात तसं समजून लोकांनी दिवसातून सहा-सहा वेळा वाफ घेतली. वाफेने एवढंच होतं की घट्ट शेंबूड ओला होऊन सुटतो आणि अर्धा-पाऊण तास नाक मोकळं वाटतं. झोपायच्या आधी तो अर्धा तास मिळाला की डोळा लागतो, म्हणून मी वाफ घेतो.

पद्धत अशी. पातेल्यात दोन-तीन तांबे पाणी उकळा आणि गॅस बंद करा. मिनिटभर थांबा. पातेलं जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवा किंवा न हलणाऱ्या टेबलावर ठेवा. समोर स्थिर बसा, डोक्यावरून टॉवेल घ्या, तोंड पाण्यापासून वीतभर नव्हे, हातभर लांब ठेवा. डोळे मिटा, नाकाने सावकाश श्वास घ्या. पाच ते सात मिनिटं पुरे. नंतर एकेक नाकपुडी दाबून, हळू नाक शिंकरा. दोन्ही बाजू एकदम दाबून जोर लावला की कान ठणकतो.

आता माझी चूक. मी पातेलं कॉटवर ठेवलं होतं, मांडी घालून समोर बसलो होतो. पार्टनर कॉटच्या दुसऱ्या टोकाला टेकला, मधली नवार झोळासारखी खाली गेली आणि पातेलं माझ्या मांडीवर कलंडलं. पाणी थोडं निवलेलं होतं म्हणून फोडांवर निभावलं. कुणीतरी टूथपेस्ट घेऊन धावलं. तसलं काही लावायचं नसतं. भाजलेला भाग वाहत्या नळाखाली वीस मिनिटं धरायचा, बर्फही नाही.

आणखी तीन सापळे:

पाण्यात बाम घालू नका. कापूर आणि मेंथॉलची वाफ डोळ्यांना झोंबते, आणि त्या पातेल्यात नंतर केलेल्या भातालाही तोच वास येतो. घालायचीच तर गवती चहाची दोन पाती किंवा चमचाभर ओवा घाला.

"बाथरूमचं दार लावून गरम पाण्याचा शॉवर सोडा, वाफ भरते" हा सल्ला सगळीकडे असतो. तुमच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर हे अजिबात करू नका. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला रंग-वास नसतो, आणि माणूस तिथेच बेशुद्ध पडतो. आपल्याकडे यात जीव गेलेले आहेत. विजेचा गिझर असेल तर दहा मिनिटं बसायला हरकत नाही.

लहान मुलाला पातेल्याची वाफ द्यायचीच नाही. मुलं हलतात.

५. नाकात मिठाचं पाणी

वाफेपेक्षा मला हा उपाय जास्त पटलाय, पण नवशिक्याने सरळ दुकानातले सलाइनचे थेंब घ्यावेत. स्वस्त असतात, चुकायची शक्यता नसते. प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब, दोन मिनिटं थांबून शिंकरायचं.

ज्यांना जलनेती (एका नाकपुडीतून पाणी सोडून दुसरीतून काढणं) येते त्यांच्यासाठी माप: एक लिटर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट भरलेले सुमारे दीड चहाचे चमचे. नेतीच्या पाव लिटरच्या भांड्याला अर्ध्या चमच्याहून किंचित कमी. साधं पाणी नाकाला झोंबतं. मीठ बरोबर असेल तर काहीच जाणवत नाही, आणि माप जमल्याची तीच खूण.

पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच हवं. नळाचं, विहिरीचं, टाकीचं पाणी थेट नाकात जाऊ देऊ नका. नेग्लेरिया नावाचा एक अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून वर चढला तर मेंदूपर्यंत पोचतो. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबामुळे झालेल्या मेंदूज्वराच्या बातम्या आपण वाचल्या. हा आजार फार दुर्मीळ आहे, पण पाणी उकळायला पाच मिनिटं लागतात. तेवढी द्या.

६. काढा: अंदाजाचं माप

हे माप एका माणसाच्या एका दिवसाचं आहे, दोन छोटे पेले.

- पाणी अडीच कप
- आलं अंगठ्याच्या पेराएवढं, किसून नको, ठेचून
- गवती चहाची तीन-चार पाती, गाठ मारून
- तुळशीची आठ-दहा पानं
- मिरे चार, लवंगा दोन, दालचिनी अर्ध्या बोटाएवढी. सगळं जाडसर कुटून
- गूळ सुपारीएवढा

थंड पाण्यात आलं आणि कुटलेला मसाला घालून मध्यम आचेवर ठेवा. उकळी आली की आच बारीक करा आणि घड्याळ लावा: दहा मिनिटं. आजीचा "वास सुटेपर्यंत" म्हणजे हाच वेळ, मी तिच्या शेजारी उभं राहून मोजलाय. पाणी अडीच कपांवरून दीड कपावर येतं, रंग फिक्या चहासारखा होतो. आता तुळस आणि गवती चहा घाला, झाकण ठेवा, गॅस बंद करा आणि पाच मिनिटं तसंच राहू द्या. ही पानं सुरुवातीपासून उकळली तर त्यांचं सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं, खोलीला वास येतो आणि काढ्यात काही उरत नाही. मग गाळा, गूळ विरघळवा, घोटघोट प्या.

मध घालणार असाल तर काढा पिण्याइतका कोमट झाल्यावर घाला. आयुर्वेदात तापवलेला मध वर्ज्य सांगितलाय.

आलं नसेल तर अर्धा चहाचा चमचा सुंठ पूड चालते. २०२० साली आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्यातही सुंठच आहे: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरे एक. ते मिश्रण तीन ग्रॅम, दीडशे मिलिलिटर पाण्यात, दिवसातून एक-दोनदा घ्यायचं होतं. आपण काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्या इमारतीत लोक थर्मास भरून दिवसभर प्यायचे आणि महिन्याभरात अर्धी इमारत तोंड आलंय, छातीत जळजळतंय म्हणून ताक शोधत होती. दिवसाला दोन छोटे पेले, रिकाम्या पोटी नाही, आणि चार-पाच दिवसांनंतर बंद. पित्ताचा त्रास असेल तर मिरे-लवंगा वगळा, आलं आणि गवती चहा एवढ्यावर भागवा.

आता काढ्यात काय घालताना थांबायचं ते. ज्येष्ठमधाने घशाला आराम पडतो, पण रोज घेतलं तर रक्तदाब वाढतो. ब्लडप्रेशरवाल्यांनी लांब राहावं. अडुळसा कफासाठी जुना आणि नावाजलेला आहे, खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्झिन त्याच्यातल्याच एका द्रव्यावरून तयार केलं गेलं. पण गरोदर बाईने अडुळसा घेऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आलं-हळद जेवणातली ठीक, काढ्यातली डॉक्टरांना विचारून.

७. हळद-दूध, मध, लिंबू

कपभर दूध, पाव चहाचा चमचा हळद, दोन मिरे कुटून, चमचाभर तूप. दूध उतू न जाता दोन मिनिटं उकळलं की झालं. मिरे चवीपुरते नसतात. हळदीतला कर्क्युमिन शरीरात नीट शोषला जात नाही, मिऱ्यातल्या पिपेरिनने थोडी मदत होते. रात्री घशाला ऊब मिळते, झोप लागते. याहून मोठे दावे कुणी केले तर मान डोलवून पुढे जा. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीचं पेटंट दिलं गेलं आणि शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने १९९७ मध्ये ते रद्द करवलं, ही गोष्ट हळद-दुधाच्या प्रत्येक चर्चेत निघते. ते पेटंट जखमा भरण्याबद्दल होतं. सर्दीचा त्यात संबंध नाही.

दुधाने कफ वाढतो म्हणून काहीजण सोडतात. दुधाचा सायीसारखा थर घशावर जाणवतो हे खरं, पण त्याने कफ जास्त तयार होत नाही. नको वाटलं तर पिऊ नका, एवढंच.

खोकल्यासाठी या सगळ्यात मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो मध. झोपताना एक-दीड चमचा नुसता चाटायचा, वर पाणी प्यायचं नाही. सोबत आल्याच्या रसाचे चार थेंब चालतात.

लिंबू, आवळा खुशाल खा, पण सर्दी झाल्यावर क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा मारा करून ती लवकर जात नाही.

८. खायचं काय

तोंडाला चव नसते, वास येत नाही आणि मेसचा डबा समोर आला की डोळ्यात पाणी येतं. यावर आमच्या कोकणात एकच उत्तर आहे: कुळथाची पिठी आणि मऊ भात. वीस मिनिटांचं काम आहे, एका गॅसवर होतं.

दोन मोठे चमचे कुळथाचं पीठ अर्धी वाटी थंड पाण्यात बोटांनी कालवा. गुठळी राहू देऊ नका, गरम पाण्यात पीठ टाकलंत तर गुठळ्या होणारच. पातेलीत चमचाभर तेल तापवा, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या ठेचून त्यात टाका. लसूण कडेने तपकिरी व्हायला लागला की हिंग, हळद, एक हिरवी मिरची किंवा पाव चमचा तिखट. लगेच दीड कप पाणी ओता, मीठ आणि दोन आमसुलं टाका. पाण्याला उकळी फुटली की एका हाताने कालवलेलं पीठ धार धरून सोडा, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. पहिली दोन मिनिटं काही झालं तरी ढवळणं थांबवायचं नाही. मग आच मंद करा, सात-आठ मिनिटं रटरटू द्या. पिठी आधी पातळ दिसते, मग रंग गडद होतो आणि वर छोटे छोटे बुडबुडे फुटताना फट्-फट् आवाज येतो. तो आला की उतरवा. वाडग्यात गुरगुट्या भात, वर पिठी, वर तूप. तिसऱ्या घासाला नाक वाहायला लागतं, ते वाहू द्या.

माझा पार्टनर सोलापूरकडचा. त्याला कुळीथ म्हटलं तर कळत नव्हतं, त्यांच्याकडे तो हुलगा. त्याची आई हुलग्याचं माडगं करायची, गुळाचं, पेल्यातून प्यायचं. आम्ही दोघं एकाच पिठावरून बरेच दिवस भांडलो.

सामिष खाणाऱ्यांना अळणी रस्सा किंवा चिकनचं पातळ सूप. त्यावर थट्टा करू नका, २०००मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या एका डॉक्टरांनी घरच्या चिकन सूपवर प्रयोगशाळेत काम केलं होतं आणि दाह घडवणाऱ्या पेशींची हालचाल त्याने मंदावते असं त्यांना दिसलं. प्रयोगशाळेत, माणसांवर नव्हे. पण गरम, खारट, पातळ काहीतरी पोटात जातं हे महत्त्वाचं.

भूक नसेल तर पेज प्या. दिवसभरात लघवी गडद पिवळी होत नाही ना एवढं बघा. गडद असेल तर पाणी कमी पडतंय.

९. रात्र

आडवं झालं की नाक चोंदतं. दोन उशा घ्या, पण मान मोडेल अशा नाही. पाठीपासून उतार यायला हवा, म्हणून गादीखाली घडी घातलेली चादर सरकवा. ओवा तव्यावर कोरडा भाजून जुन्या कापडात पुरचुंडी बांधा, आधी मनगटावर लावून बघा आणि मग छाती-पाठ शेका. अंगाला ऊब लागते, ओव्याच्या वासाने बरं वाटतं. बाम छातीला आणि पाठीला, नाकाच्या आत नाही.

१०. औषधाच्या दुकानात काय मागायचं आणि काय नाही

ताप किंवा डोकेदुखी असेल तर साधं पॅरासिटामॉल ठीक आहे. मात्र सर्दीच्या एकत्रित गोळीतही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच. वर वेगळी गोळी घेतली की दुप्पट डोस पोटात जातो. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा.

नाक मोकळं करणाऱ्या थेंबांत ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन लिहिलेलं असेल तर तीन, फार तर पाच दिवस. मला कुणी सांगितलं नाही, मी तीन आठवडे टाकले. दोन मिनिटांत नाक उघडायचं, म्हणून टाकत गेलो, आणि मग ते थेंबांशिवाय उघडेनासंच झालं. सर्दी कधीच गेली होती, नाक थेंबांमुळे चोंदत होतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ते बंद करायला लावल्यावर दहा दिवस तोंडाने श्वास घेतला.

मित्राच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घेऊ नका. विषाणूवर त्या चालत नाहीत.

११. घरात लहान मूल असेल तर

वरचं काहीही मुलांना जसंच्या तसं द्यायचं नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोटावर चाटवायलाही नाही, गुटीतही नाही. त्यातून होणारा बोट्युलिझम बाळाला लुळं करतो. आजी-पणज्यांशी यावर वाद होतो, आमच्याकडेही झाला. मी बाळाच्या डॉक्टरांनाच फोन लावून आजीच्या कानाला दिला.

कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात, त्यामुळे कापराची वडी त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. ओवा-लसणाची धुरी बंद खोलीत करू नका, चोंदलेल्या नाकाला धुराची भर नको. नाकात कोमट तेल सोडू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

कफ सिरप स्वतःच्या मनाने नको. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिनचं एकत्रित औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये बजावलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला विषारी डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपने लहान मुलं दगावली. बाळासाठी सलाइनचे थेंब, अंगावरचं दूध आणि उबदार कपडे एवढंच घरी करायचं.

१२. घरगुती उपाय कुठे थांबवायचे

हे कागदावर लिहून फ्रिजला किंवा दाराला चिकटवा. सर्दीत डोकं चालत नाही.

- धाप लागतेय, छातीत घरघर किंवा दुखतंय, ओठ निळसर: लगेच, रात्र असली तरी
- ताप तीन दिवसांहून जास्त, किंवा १०२च्या वर
- बरं वाटत होतं आणि पुन्हा ताप चढला
- कान ठणकतो, किंवा दहा दिवसांनंतरही कपाळ-गाल दुखतात
- बाळ तीन महिन्यांच्या आतलं आणि ताप. कुठल्याही वयाचं मूल दूध-पाणी घेत नाही, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो
- दमा, मधुमेह, हृदयविकार, गरोदरपण: वाट न बघता पहिल्या दोन दिवसांत विचारून घ्या

डॉक्टरांकडे जाताना तापाच्या वेळा आणि आकडे, घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, चालू औषधांची चिठ्ठी आणि काढ्यात काय काय घातलं होतं ते बरोबर न्या. काढ्याचं सांगायला लोक लाजतात, म्हणतात डॉक्टर रागावतील. रागावू देत, सांगा.

आणि रेंगाळलेला खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर मधाची बाटली बाजूला ठेवा आणि थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात टीबीसाठी ती मोफत होते. माझी निगेटिव्ह आली होती. माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मुलाची पॉझिटिव्ह आली, आणि तो तोवर दीड महिना आलेपाक खात होता.